आंधळ्या कोंबडीचं काळं टोपडं

बाबांचे डोळे काढायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांत कमी दुःख बाबांनाच झालं.

“काढून टाका म्हणा,” ते म्हणाले. “दिसत त नाहीच, वरून ठणकतात. भाडं न देणारा भाडेकरू हाय तो, अन् वरून भांडते.”

माझा भाऊ मान खाली घालून हसला आणि मग पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्ताने उठून आत गेला. मी हसले नाही. मला राग आला होता. कुणाचा, ते त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाबा विणकर. नागपुरात तांडापेठेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत हातमाग होता, आणि त्यावर बाबांनी रेशमी काठाची लुगडी विणली. पुढे कामठीच्या पॉवरलूमचा कपडा निम्म्या भावात येऊ लागला तशी ती खोली रिकामी झाली. मागाखालचा, विणताना पाय सोडून बसायचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली. आजही त्या जागी पाय पडला की फरशी पोकळ वाजते आणि बाबा म्हणतात, “कोण हाय तिथं?” जणू कुणी त्यांच्या जागेवर बसायला आलंय.

त्यांचे डोळे काचबिंदूने नेले. हा चोर आवाज न करता येतो. आम्हाला कळलं तोवर निम्मं घर रिकामं झालं होतं. दोनेक वर्षांपूर्वी उरलंसुरलंही गेलं. डोळ्यापुढे टॉर्च धरली तरी बाबा विचारत, “लावली का?” तेही त्यांनी निमूटपणे पचवलं. हात शाबूत होते, भाकरी कुस्करता येत होती, अंगणातल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करता येत होती. मग या हिवाळ्याच्या तोंडाशी ठणका सुरू झाला. डोळ्यांच्या आतला दाब वाढला की तो कपाळात, दाढेत, कानात शिरायचा. उजवा डोळा जास्त, डावा थोडा कमी. उन्हाने तो वाढतो म्हणून बाबांनी ओटा सोडला आणि मधल्या खोलीत जाऊन पडले. खिडकीला भावाने गोधडी ठोकली. आंधळ्या माणसाला उजेड टोचतो हे ऐकून शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बाबासुद्धा विचारायचे, “दिसत नाही त टोचते काहून?”

भावाने सगळं केलं. थेंब घातले, शेक दिला, रात्र रात्र कपाळ दाबून दिलं. तो मिहानमधल्या एका गोदामात सुपरवायझर आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरकडे राहते. रविवारी यायची, फळं ठेवायची, बाबांशी दोन गोष्टी बोलायची आणि संध्याकाळी परत जायची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून आता निवृत्त झाले आहे. लोकांना वाटतं की अशा बाईला खूप वेळ असतो. खरं तर मला फक्त मतं खूप आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की या डोळ्यांचा आता उपयोग नाही, त्रास मात्र आहे, काढले तर सुटतील. भावाने होकार दिला. बाबांनी तर आनंदाने दिला. मी एकटीच म्हणाले, “थोडं थांबा.”

“काहून?” बाबांनी विचारलं.

“डोये गेले त तुम्हाले दिवस-रात्र कळणार नाही.”

“अवं, दिवस-रात्र डोळ्यानं कळते का? घड्याळ डोक्यात असते. तूच त घोकत होती.”

चाळीस वर्षांपूर्वी मी बी.एस्सी.ला असताना मागाशेजारी सतरंजी टाकून अभ्यासाला बसायची. मागाची खटखट चालू असल्यामुळे मोठ्याने घोकावं लागायचं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक पुंजका असतो आणि तेच शरीराचं मुख्य घड्याळ. हे मी तेव्हा दहादा म्हटलं असेल. चौथी शिकलेल्या माझ्या बापाने धोटा फेकता फेकता ते ऐकलं, आणि माझे बहुतेक विद्यार्थी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरले ते त्यांनी चाळीस वर्षं जपून ठेवलं. आता त्याच्याच जोरावर ते डोळे काढायला निघाले होते.

त्यांचं चुकत नव्हतं, पण धडा अर्धाच घोकला गेला होता. पुढच्या अर्ध्याच्या वेळी बहुधा माग थांबला असेल आणि मी मनातल्या मनात वाचलं असेल.

तो पुढचा अर्धा मी नंतर वर्षानुवर्षं शिकवला. आमच्या प्रयोगशाळेत एका बंद खोक्यात झुरळं असायची. आत उजेडाचा कण नाही, तरी बाहेर संध्याकाळ झाली की ती आत धावू लागायची. पहिल्या दिवशी मुलं आ वासून बघत. नुसत्या अंधारात ठेवलं तरी घड्याळ चालूच राहतं, ते प्राण्याच्या आतच असतं, हे त्यांना पटायचं. खरी गंमत नंतर व्हायची. दुसऱ्या दिवशी झुरळांची संध्याकाळ थोडी सरकलेली असे, तिसऱ्या दिवशी अजून थोडी. होता होता अशी वेळ यायची की बाहेर ऊन तापलेलं आहे आणि खोक्यात रात्रीची लगबग चालू आहे. आतलं कुठलंच घड्याळ अगदी बरोबर चालत नाही. कुणाचं पुढे पळतं, कुणाचं मागे राहतं. माणसाचं बहुतेक थोडं मागेच राहतं. रोज उजेड येऊन ते जुळवून जातो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

मी मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची. हे घड्याळ वेळ बघायला नाहीच. ते येणाऱ्या वेळेची तयारी करायला आहे. आमच्या आवारातल्या चिंचेवरची वटवाघळं सूर्य बुडाल्यावर जागी होत नसत, बुडायच्या आधीच पंख चाटून, अंग झाडून बसत. दिवस उगवायच्या आधीच पाखराच्या रक्तात दिवस सुरू होतो. ज्याला वाट पाहता येते, तोच जगतो.

हे सगळं झुरळांबद्दल बोलणं सोपं होतं.

आता त्या कोंबडीचं सांगायला हवं, कारण बाबांचा दुसरा साक्षीदार ती होती. भावजयीने पाळलेल्या गावरान कोंबड्यांपैकी एकीला देवी आल्या. कोंबड्यांनाही देवी येतात. तोंडावर खपल्या धरल्या, दोन्ही डोळे चिकटले आणि खपल्या पडल्या तेव्हा त्या जागी नुसत्या खळग्या उरल्या. आमच्या कोष्ट्यांच्या घरात अशा कोंबडीचं भविष्य ठरलेलं असतं, सावजी रस्सा. भावजयीने मसाला काढलाही होता. तेव्हा बाबांचे डोळे नुकतेच पूर्ण गेले होते. ते ओट्यावरून म्हणाले, “आंधळं झालं म्हणून कापाचं असन, त आधी माहं नाव येते.”

मसाला वांग्यात गेला. बाकीच्या कोंबड्या यथावकाश संपल्या, ही उरली. बाबांच्या पायाशी बसायची, त्यांच्या तळहातावरचे तांदूळ टिपायची. संध्याकाळ झाली की चोच भिंतीला घासत, अंदाज घेत, आपली आपण खुराड्यात जाऊन बसायची. दुपारी आभाळ भरून अंधारलं तरी फसायची नाही. बाबांना तिचा फार अभिमान. “पाह्य, डोये नाहीत तिले. तरी तिले सांज कळते. तिचं चालते त माहं काहून नाही चालणार?”

शेवटी मी भावाला घेऊन धंतोलीत डॉक्टरांकडे गेले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची बाई, पण बोलणं ठाम. मी माझा आक्षेप सांगितला. तिने तो थट्टेवारी नेला नाही. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही म्हणता त्या पेशी असतात. बघायच्या पेशी मेल्या तरी डोळ्याच्या मागच्या पडद्यात थोड्या अशा असतात, की ज्या काहीच बघत नाहीत, फक्त उजेड आहे की नाही एवढं मेंदूला कळवतात. पण इतक्या जुन्या काचबिंदूत त्या उरल्या असतील का, हे मी सांगू शकत नाही.” मग तिने विचारलं, “त्यांची झोप कशी आहे?”

भाऊ लगेच म्हणाला, “बेकार. भर दुपारी झोपतात, अन् रात्री सगळे झोपले की जेवण मागतात.”

“दृष्टी गेल्यापासून?”

भाऊ बोटांवर महिने मोजू लागला. मीही मनात मोजले. दृष्टी गेल्यापासून नव्हे. जवळपास दोन वर्षं पूर्ण आंधळे असताना बाबा पहाटे उठत होते, ओट्यावर बसत होते, दिवेलागणीनंतर जेवून झोपत होते. आम्हाला ते इतकं साधं वाटलं की कुणाच्या लक्षातच आलं नाही. झोप बिघडली ती खिडकीला गोधडी ठोकल्यानंतर.

त्या बंद दारातून अजून कुणीतरी आत-बाहेर करत होतं. बाबांना दिसत नव्हतं, पण दिवस त्यांच्यापर्यंत पोचत होता.

बाहेर आल्यावर गाडीपाशी मी भावाला हे समजावू लागले, तर तो एकदम उसळला. “ताई, तू रविवारी येते. बाकीचे दिवस कोण ऐकते त्यायचं? काल रात्री बाबा भिंतीवर डोकं आपटून राहिले होते. तुह्या पुस्तकातले झुरळं रडतात का?”

“दोन्ही डोळे काढले तर ते कायमचे त्या खोक्यात जातील रे.”

“काही होत नाही. माही पाळी दर हप्त्याले बदलते. कधी दिवसा झोपतो, कधी रात्री. मी मेलो का?”

मेला नव्हता. पण त्याच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी होती, डोळ्यांखाली काळं होतं, आणि लहानपणी कधी आवाज न चढवणारा हा मुलगा धंतोलीच्या रस्त्यावर ओरडत होता. मी हे बोलले नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जळत त्याचं होतं. माझ्याजवळ नुसतं ज्ञान होतं. वेदना माझी नव्हती, सेवाही माझी नव्हती. घरी येताना मी मागच्या सीटवर बसून रडले. हेल्मेटमुळे त्याला कळलं नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी बाबांना सगळं नीट सांगायचं ठरवलं. निर्णय त्यांचा, पण तो अर्ध्या धड्यावर नको. घरी गेलं की माझी भाषाही पाय पसरून बसते, त्यामुळे सांगणं तसं सोपं गेलं.

“बाबा, कोंबडीचं अन् आपलं सारखं नाही. तिची कवटी पातळ असते. उजेड पिसांतून, कातडीतून, हाडातून थेट आत झिरपते. तिच्या मेंदूतच उजेड ओळखणारं काहीतरी हाय. डोये असो नसो, तिले फरक पडत नाही.”

“म्हणजे तिच्या डोक्याले खिडकी हाय?”

“छप्परच पातळ हाय म्हणा. माणसाचं तसं नाही. आपलं छप्पर जाड. उजेड जाईन त डोळ्यातूनच. जमिनीखाली राहणारा एक उंदरासारखा प्राणी असते. त्याच्या डोळ्यांवर कातडं वाढलेलं असते, त्याले काही म्हणता काही दिसत नाही. तरी ते निकामी डोये त्याले दिवस सांगतात.”

“आता मले उंदीर बनवते का?” ते म्हणाले, पण ऐकत होते. मग मास्तरासारखे म्हणाले, “पातळ छप्पर म्हणते त दाखव. पुस्तकातलं नको सांगू.”

मी म्हटलं, “आंधळ्या पाखराच्या डोक्यावर उजेड जाणार नाही असं काही झाकलं, तर त्याचा दिवस हरवते.”

“मग टोपडं शिवू तिले,” बाबा म्हणाले आणि उठून बसले.

कित्येक आठवड्यांत ते आपणहून उठून बसले नव्हते. त्यांनी मला जुनी छत्री काढायला लावली. तिचं काळं कापड दुहेरी धरलं. सुईत दोरा मी ओवून दिला, शिवलं त्यांनी. आंधळ्या बोटांनी घातलेले ते टाके असे बारीक, असे एकसारखे की मला त्यांच्या मागावरचा काठ आठवला. आमच्याकडे दंडक होता: रेशमाचे रंग दिव्याखाली जोडायचे नाहीत. दिव्याखाली जांभळा आणि काळा एकच दिसतो, आणि चूक सकाळी उघडी पडते. रात्री धागा तुटला की बाबा हात थांबवत आणि म्हणत, “उजाडू दे.” आमच्या घरात किती गोष्टी त्या दोन शब्दांवर अडून राहत, आईची नाराजीसुद्धा.

बाळाला घालतात तसं दोन बंदांचं टोपडं तयार होत आलं. भाऊ नुकताच झोपून उठला होता. दारात उभं राहून तो प्रकार बघत होता. “ताई,” तो म्हणाला, “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.”

“जगाचं राहत नाही रे,” मी चिडून म्हणाले. “कोंबड्याचं राहते.”

बाबांचा हात तेवढ्यापुरता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

आम्ही अंगणात आलो. बाबांनी उन्हाकडे पाठ केली, कोंबडी मांडीवर घेतली, तिच्या डोक्यावर टोपडं चढवून हनुवटीखाली, म्हणजे कोंबडीला जिथे हनुवटी असायला हवी तिथे, बंद बांधले. इतका वेळ मान हलवणारी ती एकदम गप्प झाली. तिने मान आत ओढली आणि अंग फुगवून बसून राहिली. भाऊ हसला. ती दिसतच होती हसण्यासारखी, तान्ह्या बाळासारखी.

बाबांनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला. “आता हिले काही समजत नसन?”

“आज समजन. आतलं घड्याळ चालूच हाय तिचं. पण रोज थोडं थोडं सरकन. मग दिवसा झोपन अन् रात्री दाणे शोधन.”

“तिले कळणार नाही, चुकून राहिलं म्हणून?”

“नाही. तिले वाटन, आपलंच बरोबर हाय.”

“अन् कोणी सांगतलं त?”

“कसं सांगणार बाबा? कोणाच्या सांगण्यानं त्या दाण्याएवढ्या घड्याळाले कळत नाही. उजेडानंच कळते.”

पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग बाबा टोपड्याचे बंद सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि स्वतःच, नखांनी उकलत, गाठ सोडवली.

“नाही पाहाचं मले,” ते म्हणाले. “आधीच आंधळी हाय बिचारी. आता तिचा दिवसही काढून घ्याचा का?”

बोलला तो भाऊ. तो दारातून ओट्यावर आला, बाबांच्या पायाशी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मग तुमचा, बाबा?”

कोंबडी मांडीवरून उतरली आणि पंख झटकून चालायला लागली. बाबा तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते.

“जास्त ठणकते तो काढा,” ते म्हणाले. “एक राहू द्या.”

“डावाही दुखते ना बाबा तुमचा.”

“दुखू दे. एका खिडकीनंही घर चालते.”

डॉक्टरांनी ते मान्य केलं. उजवा डोळा काढला, डाव्यासाठी थेंब आणि बधिर करणारं इंजेक्शन दिलं. “त्रास निम्म्यावर येईल, संपणार नाही,” ती म्हणाली. “आणि बाकीच्याची शाश्वती मी देत नाही.” मीही देऊ शकत नव्हते. संक्रांतीच्या सुमारास बाबा घरी आले. उजवीकडे पट्टी, डावीकडे तो निर्जीव दिसणारा, घरापुरता राखलेला डोळा. भावाने खिडकीची गोधडी काढून टाकली.

रोज सकाळी बाबांना ओट्यावर आणायचं, काळा चष्मा काढायचा आणि तोंड उन्हाकडे करायचं, हे आमचं औषध ठरलं. रात्रपाळी असली की भाऊ घरी आल्या आल्या, चहाच्या आधी, हे काम करायचा. मी आता आठवड्यातून तीन-चारदा येत होते. ते बघणं सोपं नव्हतं. त्या डोळ्यातून पाण्याची धार लागायची. बाबा ओट्याची कड घट्ट धरून बसायचे. मध्येच दात आवळून म्हणायचे, “झालं का?” आणि आपणच उत्तर द्यायचे, “थोडं अजून.” कोंबडी पायाशी ऊन खात बसलेली असायची, तिला ते किती स्वस्तात मिळत होतं.

कितीतरी दिवस काहीच झालं नाही. झोप तशीच भरकटलेली. दुपारी घोरणं, रात्री भिंत चाचपणं. मला माझीच भीती वाटू लागली. एका कल्पनेपायी, एका धड्यापायी मी माझ्या बापाला रोज सकाळी छळते आहे का? त्या पेशी कधीच्या मेलेल्या असतील आणि मी त्या रिकाम्या खिडकीला ऊन दाखवत बसले असेन, तर? एकदा भावाला मी म्हणालेही, “दुसराही काढून टाकू रे. माहं चुकलं असन.” तो चहा गाळत होता. न वळता म्हणाला, “थांब ना थोडं.” ज्याने माझ्यावर रस्त्यात आवाज चढवला होता, त्याने आता मला धीर धरायला सांगितलं.

होळीच्या आसपास बदल दिसायला लागला. दुपारची झोप आखूड झाली. रात्री जेवणाची मागणी थांबली. मग बाबा पहाटे आपणहून उठू लागले. माझा आनंद मी कुणाला दाखवला नाही, कारण भावाकडे सरळ खुलासा होता. “ते कोंबडीच्या आवाजानं उठतात, ताई. ती उठते, खुराड्यात फडफड करते, मग बाबा जाऊन तिचं दार उघडतात.” मला ते खोडता येईना. शास्त्र शिकवलेल्या माणसाला खरं काय ते माहीत नसताना माहीत असल्याचा आव आणता येत नाही.

मे महिन्याच्या उन्हात कोंबडी गेली. नागपूरच्या उन्हात धडधाकट माणसं कोसळतात, ती तर म्हातारी झाली होती. भाऊ संध्याकाळी दाणे टाकायला गेला तर खुराड्यात आडवी पडलेली. बाबांनी तिला हातात घेतलं, मानेवरून अंगठा फिरवला. मागच्या सीताफळाखाली भावाने खड्डा केला. बाबा एवढंच म्हणाले, “हुशार होती.”

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी तांडापेठेत मुक्कामाला होते. भावजय रामटेकला माहेरी गेली होती आणि भाऊ रात्रपाळीला. पुढच्या खोलीत कूलरची अशी घरघर होती की दारावरची बेलसुद्धा ऐकू येऊ नये. बाबा पलंगावर, मी खाली त्या बुजवलेल्या खड्ड्याच्या फरशीवर अंथरूण टाकून. मला जाग आली ती कानाखालीच फरशी पोकळ वाजली म्हणून. बाबा मला ओलांडून गेले होते. अंगणाचं दार उघडं होतं.

मी उठून बाहेर आले. गल्ली झोपलेली, आभाळ काळं. बाबा खुराड्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी त्याचं छोटं दार उघडलं होतं आणि हात आत ठेवला होता.

“बाबा, ती नाही आता,” मी म्हटलं.

“मालूम हाय मले.”

“मग दार काहून उघडलं?”

ते हात आतच ठेवून थोडा वेळ बसले, मग गुडघ्यावर जोर देऊन उठले आणि भिंतीला धरत ओट्यावर येऊन बसले. काळा चष्मा घातलेला नव्हता.

“अजून अंधारच हाय बाबा,” मी म्हटलं. “चला, झोपा थोडं.”

“थांब वं,” ते म्हणाले. “येऊन राहिला.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घ्यायला गेले, तर त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली होती, सकाळचं ऊन सोसताना धरायचे तशी. आम्ही तसेच बसून राहिलो. काही वेळाने समोरच्या टिनाच्या छपरावर आभाळ करडं झालं, मग त्या करड्याला पिवळी कड आली. त्यांना सांगावं म्हणून मी वळले. बाबांच्या डाव्या डोळ्याला धार लागली होती आणि ते दात आवळून तोंड तिकडेच धरून बसले होते.